यंत्राची बैठक

गेल्या वर्षीं खंडेनवमीच्या आदल्या दिवशीं दुपारच्या वेळीं आमच्या दारांत एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यांतून एक भला मोठा लाकडी खोका चार माणसांनीं उतरवून ओसरीवर आणून ठेवला. खोका सुरतेहून आला होता. आमचा नंदुरबार धुळ्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजीं स्वतंत्र जिल्हा झाला खरा. पण कांहीं निराळी वस्तु हवी असली म्हणजे सुरतेकडे पाहण्याची आमच्या घरची जुनी रीत अद्याप सुटलेली नाहीं.

खोका धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचा होता. हे चिरंजीव यंत्रशास्त्राची पदवी घेऊन पुण्यास एका कारखान्यांत पांच वर्षें नोकरी करीत होते. ती सोडून ते घरीं परतले होते आणि ‘येथेंच कांहीं तरी स्वतःचें काढतों’ असें म्हणत होते. लहानमोठीं धरून आमच्या घरांत तेरा माणसें आहेत. ‘कांहीं तरी स्वतःचें’ या शब्दांचा अर्थ त्या तेरांनीं तेरा प्रकारें केला होता. आतां खोका उघडल्यावर सर्वांचें समाधान होईल असें वाटलें होतें; पण आंतून निघाला लोखंडी रुळांचा एक सांगाडा, त्यावर एक पूल, पुलावर एक मोटर आणि तारांचें भेंडोळें! आमच्या मातुःश्रींनीं, ज्यांना सारें घर माई म्हणतें, चष्मा सांवरून विचारलें, “शिवणयंत्र का रे हें?”

वाचकांपैकीं कित्येकांना हें यंत्र ठाऊक असेल. ज्यांना नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. सुतारांजवळ हातांत धरून चालविण्याचा राउटर असतो. त्याच्या टोकाचें धारदार पातें मिनिटास पंधरा-वीस हजार फेरे घेतें आणि लाकडांत खांच पाडीत जातें. तेंच पातें माणसाच्या हाताऐवजीं संगणकाच्या आज्ञेनें डावीउजवीकडे, पुढेंमागें आणि वरखालीं नेलें, कीं झाला सी. एन. सी. राउटर. या विद्येचा उगम अमेरिकेंतला. मिशिगन संस्थानांतील जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वांक अचूक साधावयाचे होते. त्या खटपटींतून पुढें मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत, भोंकें पाडलेल्या कागदी फितीच्या हुकमानें चालणारें कर्तनयंत्र १९५२ सालीं लोकांस दाखविण्यांत आलें. त्या वेळीं ज्या सामग्रीस कपाटेंच्या कपाटें लागलीं, ती आज पोळपाटाएवढ्या पेटींत मावते आणि नंदुरबारच्या ओसरीवर येऊन बसते.

दुसऱ्या दिवशीं खंडेनवमी. माईंनीं घरांतील विळी, अडकित्ता, कात्री, शिवणयंत्र यांच्या जोडीला या नव्या पाहुण्यासहि गंध-फूल वाहिलें, झेंडूची माळ घातली आणि साखर ठेवली. ज्या टेबलावर तें ठेवलें होतें, त्या टेबलास मात्र कोणीं एक पाकळीहि वाहिली नाहीं. ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत आली नाहीं; आमच्या तर नाहींच नाहीं.

तें टेबल आमचें. आम्हीं छत्तीस वर्षें येथील एका हायस्कुलांत गणित शिकविलें आणि भूमितीच्या हजारों उत्तरपत्रिका त्याच टेबलावर तपासल्या. चिरंजीवांनीं भीतभीत सुचविलें होतें कीं, “मोठे काका, यंत्राखालीं एक भक्कम स्टँड करून घ्यायला हवा, बारा-पंधरा हजार लागतील.” यंत्रासाठीं त्यांच्या शिलकीच्या जोडीला घरच्या समाईक पैशांतूनहि बरीच रक्कम गेली होती, आणि त्या पैशांचा हिशेब आमच्याकडे असतो. आम्ही हंसून म्हणालों, “काम यंत्रानें करावयाचें कीं त्याच्या पायांनीं? बसावयास सिंहासनच कशाला हवें? हें आमचें टेबल घे.” दान देतांना मनास जो एक प्रकारचा गोडवा येतो, तो आम्हीं त्या दिवशीं पुरेपूर अनुभवला.

येथें आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमचें मूळ घर खानदेशी पद्धतीचें, धाब्याचें. वर मातीचें सपाट छत, खालीं सागवानी तुळया, आणि त्यांना पेलणारे, दगडी तळखड्यांवर उभे केलेले सागवानी खांब. दोन वर्षांपूर्वीं पावसानें मागचा सोपा खचला म्हणून तो उतरविला. त्यांतून निघालेले चार खांब, दोन तुळया आणि चार तळखडे आम्हीं गोठ्याच्या पत्र्याखालीं रचून ठेवले होते. सातपुड्याचा तो जुना साग. वरून काळवंडलेला, पण रंधा मारून पाहिला तर आंत मधासारखा रंग आणि अजून तेलाचा वास! त्या लाकडाचा ओसरीवर एक झोपाळा करावा, पितळी कड्या लावाव्या आणि सायंकाळीं त्यावर बसून वर्तमानपत्र वाचावें, असा आमचा बेत होता. हा बेत आम्हीं कोणास सांगितला नव्हता. कड्यांची किंमत मात्र विचारून ठेवली होती.

असो. यंत्र सुरू झालें. पहिले तीन-चार दिवस पाटीवर नांव कोरणें, मुलींच्या रांगोळीचे साचे कापणें असलीं किरकोळ कामें झालीं. टेबल कुरकुरत असे. आम्ही त्याच्या पायाखालीं पोस्टकार्डाची घडी सारून देत असूं. इतक्यांत शहाद्याच्या एका गृहस्थांनीं देवघराच्या दारासाठीं जाळीच्या दोन फळ्या सांगितल्या. लाकूड त्यांनींच आणून दिलें. त्यांच्याहि वडिलार्जित घराच्या दाराचा तो साग. ‘हें लाकूड देवघरांतच राहावें’ एवढीच त्यांची इच्छा. एकांत एक गुंफलेलीं वर्तुळें आणि मध्यें आठ पाकळ्यांचें फूल अशी नक्षी ठरली.

पहिली फळी कापून निघाली तेव्हां आम्ही तेथेंच उभे होतों. वर्तुळें अंड्यासारखीं झालीं होतीं. जेथें जेथें पातें वळलें होतें तेथें तेथें कडेला लाटा उठल्या होत्या, जणूं तापीच्या वाळूवर पाण्यानें सोडलेल्या रेघा. चिरंजीवांनीं गति कमी करून दुसरी फळी चढविली. अर्धें काम झालें असतां टेबलाचा एक पाय पोस्टकार्डावरून सरकला, सगळें यंत्र एकदां हिसकलें, आणि पातें फुलाच्या पाकळ्या ओलांडून सरळ पलीकडे गेलें. दोन्ही फळ्या फुकट गेल्या.

आम्हीं तत्काळ निर्णय दिला कीं, यंत्र सदोष आहे, विकणाऱ्यानें फसविलें, तें परत धाडावें. चिरंजीव कांहींएक बोलले नाहींत. त्यांनीं पातें काढून पुसलें, भुसा झाडला आणि दिवा मालविला. रात्रीं जेवणें झाल्यावर धाकटी भावजय स्वयंपाकघराच्या दारांत येऊन उभी राहिली. ती सहसा आमच्याशीं फार बोलत नाहीं. ती म्हणाली, “भावोजी, पुण्याच्या कारखान्यानें त्याला परत बोलावलें आहे. दिवाळीपर्यंत कळवायचें आहे. यंत्र परत धाडलें तर तो जाईल.” थोडें थांबून ती पुन्हां म्हणाली, “टेबल नको असें त्याला तेव्हांच वाटलें होतें. पण टेबल तुमचें होतें, म्हणून तो नाहीं म्हणाला नाहीं.”

आमच्या आयुष्यांत इन्स्पेक्टरांनीं आमच्या वर्गावर पुष्कळ शेरे मारले; पण असा शेरा कोणीं मारला नव्हता. वडीलधाऱ्यांचा मान राखावा म्हणून धाकट्यांनीं खरें बोलूं नये, आणि त्या मौनालाच आम्हीं संमति समजावें, हा प्रकार आमच्या एकट्याच्याच घरांतला नसावा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही आपण होऊन चिरंजीवांपाशीं गेलों आणि म्हणालों, “यंत्राचा दोष कीं टेबलाचा, तें एकदां पाहूं तरी.” त्यांनीं पातें काढून ठेवलें, टेबलाच्या कोंपऱ्यावर पाण्यानें भरलेली एक थाळी ठेवली आणि यंत्र नुसतेंच चालविलें. पूल एका टोकास जाऊन उलट फिरला कीं थाळींतलें पाणी कांठाबाहेर उसळे. त्या पुलाचें वजन वीस किलोच्या आसपास. एवढें वजन झपाट्यानें जाऊन एकाएकीं थांबतें आणि उलट दिशेस निघतें. त्याला ढकलण्यास जेवढा जोर लागतो, तेवढाच जोर उलट दिशेनें टेबलावर बसतो. न्यूटनचा हा तिसरा नियम आमच्या मित्रांनीं शेजारच्याच वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. टेबल हललें कीं त्याच्यावरचें लाकूड हलतें, यंत्र हलतें, आणि संगणकास मात्र वाटत असतें कीं सर्व कांहीं जागच्या जागीं आहे. अंड्यासारख्या वर्तुळाचें गुपित तें एवढेंच!

त्याच दिवशीं आमच्या घरचे जुने सुतारमिस्त्री आले. वय सत्तरीच्या घरांत, शाळा दुसरीपर्यंत. त्यांनीं टेबलाच्या कडेला एक बोट लावून हलकेच ढकललें. टेबल डुललें. मिस्त्री आपल्या अहिराणींत म्हणाले, “मास्तर, हाऊ टेबल नही, हाऊ झोका शे!” आमच्या मनांतल्या झोपाळ्याची वार्ता त्यांना कोठून लागली, अशी आम्हांस क्षणभर शंका आली.

मग त्यांनीं एक साधी पट्टी घेतली, टेबलाच्या मागील अंगास एका पायाच्या वरच्या टोकापासून दुसऱ्या पायाच्या खालच्या टोकापर्यंत तिरकी धरली आणि दोन खिळ्यांनीं ठोकली. “आतां ढकला.” आम्हीं ढकललें. त्या दिशेनें टेबल तसूभरहि हललें नाहीं!

आम्ही जागच्या जागीं उभे राहिलों. त्रिकोणाच्या तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या कीं त्रिकोण ठरला. त्याचे कोन बदलतां येत नाहींत. चौकोनाचें तसें नाहीं. चारी बाजू तशाच ठेवून त्याला हवा तसा कलवितां येतो. ही ‘बाजू-बाजू-बाजू’ कसोटी आम्हीं छत्तीस वर्षें, त्याच टेबलावर कोपर टेंकून, मुलांच्या उत्तरपत्रिकांत तपासली, चुकलेल्यांचे गुण कापले. आणि आपल्या कोपराखालचें टेबल हा एक कर्ण नसलेला चौकोन आहे, हें आम्हांस कधीं दिसलें नाहीं. दुसरी शिकलेल्या मिस्त्रींनीं तें एका पट्टींत दाखविलें.

आतां नवी बैठक करावयाची हें ठरलें. प्रश्न राहिला तो लोखंडाची कीं लाकडाची. चिरंजीवांच्या नकाशांत पन्नास मिलिमीटरची चौकोनी लोखंडी नळी होती. लोखंड बळकट खरें. परंतु वेल्डिंगच्या तापानें चौकट ओढली जाते, तींत पीळ पडतो आणि तो काढणें कठीण. शिवाय पोकळ नळी कंपन धरून ठेवते, घंटेसारखी वाजते. जाड लाकूड कंपन पोटांत जिरवतें. लाकडाचा दोष म्हणजे पावसाळ्यांत तें फुगतें. पण तें फुगतें रुंदींत, लांबींत जवळ जवळ नाहींच. म्हणजे उभ्या पायांची उंची बदलण्याची भीति नाहीं. चिरंजीव म्हणाले, “लाकडाचेंच करूं. पण चांगलें वाळलेलें, जाड लाकूड आणायचें कोठून? आणि त्याची किंमत?”

मिस्त्री गोठ्याकडे पाहूं लागले. मग ते आमच्याकडे पाहूं लागले. आम्ही आकाशाकडे पाहूं लागलों.

त्या रात्रीं आम्हांस मुळींच झोंप आली नाहीं असें लिहिलें तर अतिशयोक्ति होईल. झोंप आली, पण उशिरां आली. सकाळीं चहाच्या वेळीं सर्वांच्या देखत आम्हीं सांगितलें, “गोठ्यांतले खांब घ्या. तुळयाहि घ्या. शहाद्याच्या गृहस्थांच्या फळ्या त्यांतूनच भरून द्या.” आणि मग झोपाळ्याचा बेतहि सांगून टाकला, कारण त्यागाची किंमत कळल्यावांचून त्यागाचें समाधान पुरें होत नाहीं, हा मनुष्यस्वभाव आहे. माई माळ ओढीत होत्या. त्या डोळे न उघडतां म्हणाल्या, “मामंजींनीं ते खांब घर पेलायला आणले होते, झोके घ्यायला नव्हे.” विषय संपला.

काम नऊ दिवस चाललें. जुनें लाकूड कापावयाचें म्हणजे प्रथम त्यांतले खिळे काढावे लागतात. मुलांनीं लोहचुंबक फिरवून खिळे हुडकून काढले, तरी एक लपून राहिलाच आणि त्यानें करवतीचे चार दांत नेले. खांब चारी अंगांनीं रंधून साडेचार इंच चौरस झाले. त्यांचे सत्तावीस इंच उंचीचे चार पाय कापले. यंत्रावर काम करतांना चिरंजीवांस वांकावें लागूं नये, अशा हिशेबानें ही उंची ठरली. ती आंखून देण्याचें काम गणिती म्हणून आमच्याकडे आलें, आणि आम्हीं चौथा पाय पाव इंच आंखूड आंखून दिला. मिस्त्री म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मास्तर, त्याले बोल्ट शे.” बोल्टाचें काय तें पुढें सांगतों.

पायांना वर आणि खालीं सहा-सहा इंच रुंदीच्या आडव्या फळ्या जोडल्या. नुसत्या खिळ्यांनीं नव्हे. पायांत चौकोनी भोंक पाडून आडव्या फळीचें कुसूं त्यांत बसविलें, डिंक भरला, बाभळीच्या पाचरी मारल्या आणि आरपार बोल्ट घातले. मागें आणि दोन्ही बाजूंस तिरके आधार दिले. समोरची बाजू भुसा काढण्यास मोकळी ठेविली, म्हणून तेथें वरची फळी दुप्पट जाडीची घातली. चौकट काटकोनांत आहे कीं नाहीं हें गुण्यानें पाहण्यापेक्षां दोन्ही कर्ण दोरीनें मोजून पाहिलें. आयताचे कर्ण समान असतात. आमचे पांच मिलिमीटरांनीं कमीजास्त भरले. तेव्हां लांब कर्णावर दोर बांधून, त्यांत काठी घालून पीळ देत देत दोन्ही सारखे केले आणि मगच पाचरी ठोकल्या.

वरचा पाट हें सर्वांत नाजूक काम. काडेपेटीचा आंतला खण हातांत घेऊन पिळला तर सहज पिळतो. तोच बाहेरच्या वेष्टनांत सारला म्हणजे पिळत नाहीं. याच युक्तीनें दोन अठरा मिलिमीटरचे प्लायवुड एकावर एक चिकटवून, त्यांच्या खालीं वीतभर अंतरावर उभ्याआडव्या पट्ट्यांची जाळी करून, आणि खालून आणखी एक प्लायवुड लावून, बंद पेटीसारखा पाट केला. पाट सपाट आहे कीं त्यांत पीळ आहे, हें पाहण्याची रीत मोठी मौजेची. चारी कोंपऱ्यांवर एकाच मापाचे ठोकळे ठेवावयाचे आणि त्यांवरून दोन दोऱ्या कर्णांवर ताणावयाच्या. मध्यें त्या एकमेकींस नुसत्या टेंकल्या पाहिजेत. टेंकल्या तर वरची खालीं आणि खालची वर घेऊन पुन्हां पाहावयाचें, कारण पहिल्या वेळीं एकीनें दुसरीस दाबलें असण्याचा संभव असतो. आमच्या दोऱ्यांत पहिल्यानें सुपारी मावेल एवढी फट निघाली; एका कोंपऱ्याखालीं पातळ पट्टी घातल्यावर ती मिटली.

आतां जमीन. ओसरीची फरशी जुनी, ठिकठिकाणीं खचलेली. मिस्त्री म्हणाले कीं, ज्या दगडांवर हे खांब इतकीं वर्षें उभे होते, त्यांच्यावरच पुन्हां उभे करावे. म्हणून ते चारी तळखडे उचलून आणले, फरशी उकलून सिमेंटांत बसविले, आणि गवंडी लोकांच्या पद्धतीनें पारदर्शक नळींत पाणी भरून चारी दगडांची पातळी एक केली. पायांच्या तळाशीं लोखंडी पट्ट्या लावून त्यांत जाड बोल्ट बसविले. बोल्ट फिरवावा तसा पाय वरखालीं होतो. आमच्या हिशेबांतली पाव इंचाची तूट त्यानें निमूटपणें भरून काढली. खालच्या फळीवर तीन गोण्या वाळू ठेविली. बैठक जितकी जड, तितका पुलाचा हिसका तिला कमी हलवितो.

काम चाललें असतां एकदां आम्हीं मिस्त्रींना विचारलें, “हें यंत्र तुमचाच धंदा घेणार, त्याची बैठक करतांना मनास कांहीं वाटत नाहीं?” ते बराच वेळ रंधा मारीत राहिले. मग म्हणाले कीं, जाळी कापतांना त्यांचे हात आतां थरथरतात. तीन वर्षांपासून त्यांनीं जाळीचें काम घेणें सोडलें आहे. यंत्रानें जाळी कापावी, सांधे ते करतील. या उत्तरानें सर्व सुतारांचा प्रश्न सुटला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आज त्यांच्या ओळखीचीं कामें चिरंजीवांकडे येतात आणि चौकटीची जोडणी मिस्त्रींकडे जाते, एवढें आमच्या डोळ्यांसमोर घडत आहे.

नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळीं यंत्र नव्या बैठकीवर चढलें. बोल्ट आंवळले. पाण्याची तीच थाळी ठेवली. पूल या टोकाचा त्या टोकास धांवला, उलट फिरला. थाळींत वरच्या दिव्याचें प्रतिबिंब होतें, तें किंचित् थरथरलें आणि पुन्हां स्थिर झालें. मग एक वीतभर व्यासाचें वर्तुळ कापलें. चिरंजीवांनीं तें उभें मोजलें, आडवें मोजलें आणि कांहीं न बोलतां आमच्या हातांत दिलें. आम्हीं तें आमच्या जुन्या कंपासानें तपासलें. छत्तीस वर्षांच्या संवयीप्रमाणें हात लाल पेन्सिलीकडे गेला. पण कापावयास गुण नव्हते.

शहाद्याच्या गृहस्थांस चिरंजीवांनीं घडलें तें सर्व खरें सांगितलें आणि आमच्या तुळईंतून काढलेल्या फळ्या दाखविल्या. त्यांनीं त्या हातांत घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “आमचें जुनें गेलें, तुमचें जुनें आलें. चालेल.” त्यांच्या देवघरास तीच जाळी आज लागली आहे. खर्चाचा हिशेब पुरा केला तेव्हां प्लायवुड, बोल्ट, डिंक, सिमेंट आणि मिस्त्रींची मजुरी मिळून बारा हजार आठशें रुपये झाले. म्हणजे चिरंजीवांनीं पहिल्या दिवशीं सांगितलें होतें तितकेच! आमच्या काटकसरीनें दोन फळ्या, करवतीचे चार दांत आणि दुसऱ्याच्या घरचें वडिलार्जित लाकूड एवढेंच काय तें वांचविण्याऐवजीं घालविलें.

भाऊबीजेच्या दिवशीं आम्हीं धीर करून विचारलें, “पुण्यास काय कळविलेंस?” चिरंजीव बैठकीच्या पायावर हात ठेवून म्हणाले, “मोठे काका, तुम्हीं एवढें जड करून ठेवलेंत, आतां हलायचें कसें?” धाकटी भावजय ओवाळणीचें तबक घेऊन तेथेंच उभी होती. ती कांहीं बोलली नाहीं, पण निरांजनाची वात तिनें उगाचच दोनदां सारखी केली.

यंत्रांचा इतिहास वाचूं लागलों म्हणजे आमची चूक फार जुनी दिसते. इ. स. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्ले यांनीं स्क्रू कापण्याचें जें लेथ केलें, त्याचें तेज केवळ हत्याराच्या धारेंत नव्हतें. डळमळणाऱ्या लाकडी सांगाड्याऐवजीं त्यांनीं हत्यारास धातूची ताठ, सरळ बैठक दिली, आणि त्या बैठकीच्या आधारानें एक स्क्रू दुसऱ्यासारखा निघूं लागला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढले तेव्हां लोखंडानें जमीन नासेल म्हणून शेतकरी बिचकत. आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील उजाड माळावर किर्लोस्करवाडी वसवितांना त्यांना कारखान्याच्या आधीं माणसांच्या निवाऱ्याचा आणि पाण्याचा विचार करावा लागला. जें फिरतें, चमकतें, आवाज करतें, त्याकडे आपलें लक्ष आधीं जातें. जें खालीं निमूट उभें असतें त्याचा हिशेब आपण मागाहून, आणि बहुधा नुकसान झाल्यावर, मांडतों.

म्हणून ज्या घरांत असें एखादें यंत्र येऊं घातलें असेल, त्या घरच्या वडील मंडळींस आमचें एवढेंच सांगणें कीं, यंत्राच्या किंमतींतच त्याच्या बैठकीची किंमत धरा. पाय रुंद घ्या, प्रत्येक बाजूस एक तरी कर्ण द्या, खालीं वजन ठेवा. आणि ज्याला तें चालवावयाचें आहे तो काय म्हणतो तें शेवटपर्यंत ऐकून घ्या. तो गप्प बसला तर पुन्हां एकदां विचारा.

यंदांच्या खंडेनवमीस माईंनीं नेहमीप्रमाणें हत्यारांची पूजा केली. त्या यंत्रापाशीं आल्या. पण माळ वर घालण्याआधीं त्या हळूच खालीं बसल्या आणि चारी तळखड्यांवर हळदकुंकूं वाहून, एकेका पायाशीं एकेक झेंडूचें फूल ठेविलें. आमचें जुनें टेबल कोंपऱ्यांत होतें. मिस्त्रींची ती तिरकी पट्टी त्याच्या पाठीस अजून तशीच आहे. हा लेख आम्हीं त्याच टेबलावर लिहिला, आणि लिहितांना तें हललें नाहीं.